हाय चेअर घेण्याआधी: पालक आम्हाला विचारतात ते प्रश्न

आम्ही ठाण्यात लहान मुलांच्या वस्तू भाड्याने देतो. पाळणे, प्रॅम, कार सीट, आणि सगळ्यात जास्त हाय चेअर, म्हणजे बाळाला बसवून भरवायची पट्टा-ट्रेची उंच खुर्ची. एकच खुर्ची चार-पाच घरं फिरून परत येते तेव्हा ती कुठे मोडते, कुठे गंजते आणि तिच्या फटींत काय काय अडकतं हे आपोआप कळत जातं. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. विकत घेणाऱ्यांनाही ती तितकीच उपयोगी पडतील. आमच्याकडूनच भाड्याने घ्या असा आग्रह नाही.

मुळात हाय चेअर लागतेच का? आम्ही कुठे तिच्यात बसून वाढलो?

लागतेच असं काही नाही. आजीच्या मांडीवर बसून, 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' ऐकत मुलं जेवत आली आहेत आणि जेवतील. खुर्चीने दोन सोयी होतात. भरवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि बाळ ताठ बसून स्वतःच्या हाताने अन्न चिवडायला लागतं. मांडीवर ते बहुतेक वेळा थोडं मागे रेललेलं असतं. पातळ पेजेला ते चालून जातं, पण पोळीचा तुकडा किंवा उकडलेल्या बटाट्याची फोड हातात द्यायची वेळ आली की पाठ सरळ हवी, नाहीतर घास घशात लवकर घसरतो.

आम्ही जमिनीवर बसून जेवतो. मग काय करायचं?

मग उंच खुर्ची घेऊच नका. सगळे खाली पाटावर आणि बाळ एकटंच वर, हे त्यालाही आवडत नाही. पाय काढून खाली ठेवता येतील अशा खुर्च्या मिळतात, किंवा पट्टा आणि ट्रे असलेलं बूस्टर सीट मिळतं. ते सरळ फरशीवर ठेवायचं. पडलं तरी वीतभर उंचीवरून पडेल. घेताना पाय काढल्यावर बूड सपाट बसतं का, तेवढं बघा. काही खुर्च्यांचे पाय निघतात, पण खाली चार खुंट तसेच राहतात आणि खुर्ची डुगडुगते.

बाळाला कधीपासून बसवायचं? उष्टावणाला खुर्ची हवी आहे.

उष्टावणाच्या फोटोसाठी खुर्ची मागणारे फोन आम्हाला दर आठवड्याला येतात. मुलाचं सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्यात, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. पाचव्या महिन्यात करणार असाल तर त्या दिवशी बाळाला मामाच्या मांडीवरच बसू द्या. सोन्याच्या अंगठीने खिरीचं बोट लावायला खुर्ची लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरचं अन्न असा आहे. पण खुर्चीसाठी तारखेपेक्षा बाळाकडे बघा. मान पक्की धरलेली हवी, आणि सतरंजीवर बसवल्यावर ते थोडा वेळ तरी कलंडता कामा नये. उशा, टॉवेल कोंबून बसवावं लागत असेल तर अजून दोन-तीन आठवडे थांबा. तेवढ्याने काही बिघडत नाही.

टिकाऊ खुर्ची ओळखायची कशी?

हा खरा प्रश्न. बहुतेक जण खुर्ची उचलून बघतात. जड असली की 'मजबूत आहे हो' म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे आजवर एकाही खुर्चीचं लाकूड मधून मोडलेलं नाही, एकही पाइप वाकलेला नाही. खुर्च्या जातात त्या सांध्यातून. आणि ठरलेल्या क्रमाने जातात: आधी पट्ट्याचं बक्कल, मग ट्रेची खिटी, मग गादीचं रेक्झिन, आणि शेवटी पाय जिथे बैठकीला जोडलेले असतात तिथला बोल्ट.

म्हणून खुर्ची उलटी करा. अगदी दुकानात, सेल्समनसमोर. पाय बैठकीला कसे जोडलेत ते बघा. लाकडात थेट स्क्रू पिळलेला असेल तर वर्षभरात भोक मोठं होणार, कारण मूल दिवसातून तीन वेळा त्या खुर्चीत बसून पाय आपटतं आणि प्रत्येक आपटण्याने स्क्रू केसभर हलतो. लाकडात पितळी नट पेरून त्यात बोल्ट बसवलेला असेल, किंवा बोल्ट आरपार जाऊन पलीकडे वॉशर आणि नट असेल, तर तो सैल झाला तरी पुन्हा आवळता येतो. आवळता येणं महत्त्वाचं. सैल कुठलीही खुर्ची होतेच.

हे सुट्या घरगुती खुर्च्यांपुरतं नाही. २०१० साली अमेरिकेत ग्रॅकोने आपल्या हार्मनी नावाच्या सुमारे १२ लाख हाय चेअर परत मागवल्या. कारण काय, तर पुढच्या पायांचे स्क्रू सैल होऊन गळून पडत होते आणि मागच्या पायांवरचा प्लास्टिकचा ब्रॅकेट तडकत होता. खुर्ची कलंडून मुलं पडली होती. एवढी मोठी कंपनी, एवढ्या खुर्च्या, आणि दोष स्क्रूत नि ब्रॅकेटात.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. पट्टा, बक्कल, ट्रे, गादी हे वेगळे विकत मिळतात का? घेण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा: 'बक्कल तुटलं तर नवं पाठवाल का, आणि केवढ्याला?' उत्तर 'मॅडम, नवीन प्रॉडक्ट घ्यावं लागेल' असं आलं तर त्या खुर्चीचं आयुष्य त्या बक्कलाएवढंच.

लाकडी, प्लास्टिक की लोखंडी पाइपाची?

तिन्ही टिकतात आणि तिन्ही वाया जातात, जो तो आपापल्या कारणाने.

लाकडात आपल्याकडे सध्या रबरवूड खूप चालतं. केरळात रबराच्या झाडाचा चीक देऊन संपला की झाड तोडतात, त्याचंच हे लाकूड. कच्च्या रबरवुडाला कीड आणि बुरशी लवकर लागते, म्हणून ते औषध देऊन, भट्टीत वाळवून मगच वापरतात. नीट वाळवलेलं असेल तर खुर्चीसाठी चांगलं. सागवान आणि शिसव त्याहून दणकट, पण सागवान महाग आणि शिसव इतकी जड की खुर्ची रोज सरकवताना कंटाळा येतो. पाइन दिसायला गोड आणि मऊ. चमचा आपटला की खळगा पडतो आणि बोल्टची भोकंही लवकर ढिली होतात. 'इंजिनिअर्ड वूड' असं मोघम लिहिलेलं असेल तर कापलेल्या कडा बघा. आत भुसा दाबल्यासारखं दिसलं तर सोडून द्या. रोज ओल्या फडक्याने पुसल्यावर ते पापडासारखं फुगतं.

प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलिन चांगलं. बैठक अखंड एका साच्यात ओतलेली असेल तर उत्तम, कारण तिथे सांधाच नसतो. आयकियाची अँटिलोप याच पद्धतीची: एका तुकड्याची बैठक आणि खाली चार लोखंडी पाय, जे कळ दाबून उपसून काढता येतात. हैदराबाद, नवी मुंबई आणि बंगळूरूला आयकिया आल्यापासून ती घरोघर दिसते. नेटकी, स्वस्त आणि धुवायला सगळ्यात सोपी. पण तिला पाय टेकायला काही नाही, आणि चारही पाय इतके पसरट की घरातल्या मोठ्यांची करंगळी ठेचते. आमच्या घरातली तिन्ही माणसं ठेचकाळलेली आहेत.

लोखंडी पाइप पावडर कोटिंगचा असावा आणि पाइपची उघडी तोंडं टोपणांनी बंद हवीत. गंज आतून सुरू होतो, बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पट्टा तीन ठिकाणी अडकणारा पुरे, की पाचच हवा?

पहिल्या वर्षात पाच. खांद्यावरून दोन, कमरेला दोन, मांड्यांमधून एक. तीनच्या पट्ट्यातून दहा-अकरा महिन्यांचं चपळ मूल उभं राहतं, आणि उभं राहिलेलं मूल तोंडावर पडतं.

पण पट्ट्याआधी मांड्यांमधला खुंट बघा, ट्रेला किंवा बैठकीला घट्ट जोडलेला. तो नसेल तर मूल खाली घसरत जातं आणि ट्रेखाली मान अडकण्याची भीती असते. नुसता ट्रे म्हणजे पट्टा नव्हे, हे आम्ही खुर्ची देताना प्रत्येकाला सांगतो. 'ट्रे लावलाय ना, कुठे जातंय' हे वाक्य आम्ही खुर्ची पडल्यानंतरच्या फोनवर ऐकलेलं आहे.

आणि ओढणीने बांधू नका. बक्कल तुटलं की पहिली आठवण ओढणीची येते. ती पोटावरून सरकून छातीवर, छातीवरून गळ्यापाशी जाते.

पाय टेकायची फळी खरंच लागते का?

स्वतः एखाद्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून वरणभात जेवून बघा. दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. मुलाचंही तेच होतं, फक्त त्याला सांगता येत नाही, म्हणून ते 'जेवतच नाही' ठरतं. कंबर, गुडघा आणि घोटा साधारण काटकोनात आले की मूल स्थिर बसतं. फळी वरखाली करता आली तर ती दोन-अडीच वर्षं पुरते. एकाच जागी ठोकलेली असेल तर सहा महिन्यांच्या बाळाचे पाय तिथवर पोचत नाहीत आणि दीड वर्षाच्या मुलाचे गुडघे वर येतात.

दुकानात उभ्या उभ्या कशी तपासायची?

मूल न बसवता आधी खुर्चीशी भांडा. पाठीची वरची कड धरून मागे ओढा, मग बाजूला. मागचे पाय पाठीच्या रेषेच्या बरेच मागे आलेले असतील तर ती सहज उलटणार नाही. पाय पाठीच्या बरोबर खाली सरळ उतरत असतील तर मूल टेबलाला लाथ मारेल आणि खुर्चीसकट मागे जाईल. बक्कल लावून दोन्ही पट्ट्यांना झटका द्या. मग तेच बक्कल एका हाताने उघडतं का बघा, कारण दुसऱ्या हातात मूल असणार. ट्रेही एका हाताने निघाला पाहिजे, पण मुलाच्या बाजूने हात घालून निघता कामा नये.

खिशात पेन्सिल ठेवा. बैठकीत, ट्रेखाली, घडीच्या सांध्यात भोकं आणि फटी असतात. जिथे पेन्सिल जाते पण तुमची करंगळी जात नाही ती भोकं बाळाच्या बोटासाठी नेमकी वाईट. शेवटी सगळ्या कडांवरून, खालून सुद्धा, तळहात फिरवा. प्लास्टिकच्या साच्याची धार खालच्या बाजूला राहून गेलेली असते आणि बाळाच्या मांड्या तिथेच घासतात.

ऑनलाइन मागवत असाल तर हे सगळं घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करा. खोका फाडू नका.

खुर्चीवर '१५ किलोपर्यंत' लिहिलंय. मूल तर आठ किलोचं आहे, पुरेल ना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलाचं मधलं वजन साडेनऊ किलोच्या आसपास, मुलीचं नऊच्या आसपास, आणि तीन वर्षांला दोघांचं चौदाच्या आगेमागे. म्हणजे १५ किलोची खुर्ची साधारण तीन वर्षं पुरते. फक्त ती मर्यादा नीट बसलेल्या मुलाची आहे. फळीवर उभं राहून उड्या मारणाऱ्या दहा किलोच्या मुलाचा मार वेगळा. घरात मोठं भावंड असेल तर मर्यादा जास्त असलेली घ्या, कारण पाच वर्षांचा दादा त्या खुर्चीत बसून बघणारच.

घर लहान आहे. घडीची घेऊ का?

वन बीएचकेत घडीची सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण घडीचा सांधा म्हणजे झिजणारा आणखी एक भाग. उघडल्यावर खटकन बसणारं कुलूप हवं, आणि ते बसलंय हे कानाला कळलं पाहिजे. घडी घालून भिंतीला टेकवली तर ती स्वतःच्या पायावर उभी राहते का तेही बघा. नाहीतर ती कपाटामागे जाते आणि तिथेच राहते. खरं सांगायचं तर घडीची खुर्ची नेलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या पंधरा दिवसांनंतर घडी घालतच नाहीत. जागा मोजून न घडीची, पण पाय आटोपशीर असलेली घेतली तर बरं पडतं.

टेबलाला अडकवायची खुर्ची चालेल का?

जाड लाकडी टेबल असेल, चार पायांचं असेल आणि तुम्ही प्रवासात असाल तर चालेल. काचेच्या टेबलाला आणि मधोमध एकच पाय असलेल्या टेबलाला कधीही नको. टेबलक्लॉथवरून अडकवू नका, घसरते.

चाकं असलेली?

गरज असेल तरच, आणि ब्रेक किमान दोन चाकांना हवा. चाकांत केस गुंडाळतात आणि ती फिरायची बंद होतात. आमच्याकडे चाकांच्या खुर्च्या नाहीत.

थ्री-इन-वन, फाइव्ह-इन-वन घेतलेली परवडते ना? झोपाळा पण होतो.

होतो, आणि त्या जाहिरातीला आम्हीही भुललो होतो. हाय चेअरची लहान खुर्ची-टेबल होणारी अजून ठीक. ते दोन वर्षांनी खरंच वापरलं जातं. झोपाळा, घोडा आणि रॉकर यांसाठी मात्र जागोजागी खिट्या आणि काढघालीचे भाग येतात, आणि त्यातला एखादा पलंगाखाली गेला की बाकी चार रूपं शोभेची. पैसे पहिल्या रूपासाठी द्या. बाकीचं फुकट मिळालं असं समजा.

हळदीचे डाग निघतात का?

निघतात. पण आधी समजून घ्या की पांढरा ट्रे हा मराठी घरासाठी बनलेलाच नाही. वरण, खिचडी, आमटी, सगळ्यांत हळद.

हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून नुसतं साबणाने घासत बसू नका. कापसावर चमचाभर गोडेतेल घेऊन डाग पुसा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा, आणि ओला ट्रे दोन-तीन तास उन्हात ठेवा. उन्हाने हळदीचा रंग उडतो. आमच्या गच्चीवर रविवारी दहा-बारा ट्रे ओळीने पडलेले असतात आणि दुपारपर्यंत पिवळ्याचे फिके होतात. तारेची घासणी अजिबात लावू नका. तिचे ओरखडे पुढच्या हळदीला धरून ठेवतात.

हळदीपेक्षा वाईट नाचणीचं सत्त्व. ते वाळलं की प्लास्टर होतं. डोंबिवलीहून एक खुर्ची 'ट्रे मोडलाय, निघतच नाही' म्हणून परत आली होती. मोडलं काही नव्हतं. ट्रेच्या खाचेत महिनाभराचं सत्त्व थरावर थर बसून दगड झालं होतं. गरम पाण्यात फडकं भिजवून अर्धा तास त्यावर ठेवलं, जुन्या टूथब्रशने खरवडलं आणि खिटी पुन्हा खट् करून उघडली. गादीखालून कुरमुरे, तीन मनुका आणि एक रुपयाचं नाणं निघालं. नाणं परत केलं.

तर घेताना शिवणी, टिपा आणि खाचा मोजा. जिथे फडकं पोचत नाही तिथे आमटी पोचते. शिवलेल्या जाड गादीपेक्षा पुसून होणारी साधी बैठक जास्त वर्षं टिकते. रेक्झिन शिवणीपाशीच फाटतं आणि मग आतला फोम मुलं उपटून खातात.

पट्टा काढून धुता आला पाहिजे. न निघणारा पट्टा तीन महिन्यांत काळा आणि आंबूस होतो.

आम्ही रत्नागिरीला असतो. पावसाळ्यात खुर्ची खराब होते का?

कोकण, गोवा, मुंबईची खाडीकडची बाजू, सगळीकडे हाच प्रश्न. लोखंडी पायाचा गंज बहुतेक वेळा तळाशी सुरू होतो. फरशी पुसताना पाणी पायाच्या रबरी टोपीत शिरतं आणि तिथेच साचतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी टोप्या काढून पाय कोरडे करा, एवढंच काम. लाकडी खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागच्या बाजूला बुरशी येते. दमटपणात लाकूड किंचित फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला सगळे बोल्ट एकदा आवळावे लागतात. खुर्चीबरोबर आलेली अ‍ॅलन की (बोल्ट आवळायची षटकोनी किल्ली) ट्रेच्या खाली सेलोटेपने चिकटवून ठेवा. ड्रॉवरमध्ये ठेवलेली सापडत नाही.

प्लास्टिकला पावसाचं काही नाही, त्याचा शत्रू ऊन. ट्रे दोन तास उन्हात ठेवला तर चालतो, पण अख्खी खुर्ची दोन उन्हाळे बाल्कनीत पडली की प्लास्टिक कडक होऊन तडकतं.

ट्रिप ट्रॅप एवढी महाग का, आणि घ्यावी का?

नॉर्वेच्या पीटर ओप्सविक यांनी स्टोक्के कंपनीसाठी केलेली ही खुर्ची १९७२ साली बाजारात आली. घरातल्या जेवणाच्या टेबलाशी लहान मुलाला सगळ्यांच्या बरोबरीने बसता यावं, ही त्यामागची कल्पना. दोन तिरक्या बाजू, त्यांना खाचा, आणि खाचांत सरकवायच्या दोन फळ्या: एक बसायला, एक पायांना. मूल वाढेल तशा फळ्या खाली घ्यायच्या. मोठं माणूसही बसू शकतं. पन्नास वर्षांहून जास्त काळ तोच आराखडा चालू आहे आणि सुटे भाग मिळतात, त्यामुळे परदेशातून आलेले पालक तिची शपथ घेतात.

घ्यावी का? तुमच्याकडे डायनिंग टेबल असेल, त्यावर खरंच रोज जेवत असाल आणि खुर्ची आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर हिशेब बसतो. तान्ह्या बाळासाठी लागणारा पाठ-पट्ट्याचा भाग आणि ट्रे वेगळे विकत घ्यावे लागतात, तेही धरा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच खुर्च्या आता मिळतात. त्यांत फळीची खाच आणि बोल्ट बघा, बाकी सगळं सारखंच दिसतं. डायनिंग टेबलवर इस्त्रीचे कपडे आणि वर्तमानपत्रं असतील तर हे पैसे वाचवा.

आमच्या सुताराकडून करून घेतली तर?

जरूर घ्या, चांगला सुतार असेल तर ही सगळ्यात टिकाऊ खुर्ची होते. फक्त त्याला फोटो दाखवून सोडू नका. फोटोत लाकूड दिसतं, उतार दिसत नाही.

चारही पाय खाली बाहेरच्या बाजूला पसरलेले हवेत, म्हणजे जमिनीवरचा चौकोन बैठकीपेक्षा सगळ्या बाजूंनी मोठा. आपले सुतार टेबल-खुर्चीच्या सवयीने पाय सरळ करतात, तिथे उभं राहून सांगा. नेहमीचं टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतं; मूल बसल्यावर त्याचं कोपर टेबलाच्या वरच्या पातळीला आलं पाहिजे, त्यावरून बैठक ठरवा. पाय आणि आडव्या पट्ट्या नुसत्या खिळ्यांनी जोडू नयेत. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून फेव्हिकॉलने चिकटवलेलं, ते खरं काम. बैठकीला प्लाय वापरायचा तर पाण्याला टिकणारा घ्या, आयएस ७१० शिक्क्याचा, आणि त्याच्या कडांना पट्टी मारून घ्या. मांड्यांमधला खुंट विसरू नका. सुतार हमखास विसरतो. पाच जागी अडकणारा पट्टा तयार विकत आणून बैठकीतून आरपार ओवून घ्या, खिळ्याने ठोकू नका.

पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत खुर्ची वापरू नका. मूल ट्रेची कड चाटणारच, चावणारही.

बहिणीच्या मुलाची जुनी खुर्ची आहे. वापरू का?

वापरा, पण आधी सगळे बोल्ट आवळून, बक्कल तपासून. तडकलेलं प्लास्टिक फेव्हिक्विकने जोडलेलं असेल तर ती खुर्ची बाहुलीला द्या. मॉडेलचं नाव आणि 'रिकॉल' (कंपनीने परत मागवणं) हा शब्द टाकून एकदा इंटरनेटवर शोधा, विशेषतः परदेशातून आलेली असेल तर.

फार जुनी, रंगवलेली लाकडी खुर्ची असेल तर जपून. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवायची सक्ती आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही, आणि पोपडे उडणारा रंग बाळाच्या तोंडात जातो. तो घरी खरवडूही नका, त्याची धूळ आणखी वाईट.

कुठला शिक्का बघायचा? आयएसआय असतो का?

खेळण्यांवर आयएसआय मार्क १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. हाय चेअर खेळणं नाही, तेव्हा दुकानदार 'खेळण्यांचं सर्टिफिकेट आहे' म्हणाला तर ते इथे उपयोगाचं नाही. हाय चेअरसाठी युरोपचं ईएन १४९८८ आणि अमेरिकेचं एएसटीएम एफ४०४ ही मानकं आहेत. अमेरिकेत २०१९ पासून ते कायद्याने बंधनकारक झालं. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच खुर्च्यांवर यातला एखादा उल्लेख असतो. खोक्यावर असून भागत नाही, खुर्चीच्या खालच्या लेबलवर हवा.

खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर असायलाच हवा. नसेल तर घेऊ नका. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरात ठेवायची कुठे?

ओट्यापासून लांब. मुलाचा हात आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट पोचतो, आणि गॅसवरच्या पातेल्याचा दांडा त्याला फार आवडतो. भिंत किंवा टेबल मुलाच्या पायांच्या टप्प्यात नको, तिथे पाय रोवूनच ते स्वतःला मागे ढकलतं. वर लोंबणारी मिक्सरची वायर, टेबलक्लॉथची झालर, पडद्याची दोरी, यांच्याकडे खुर्चीच्या उंचीवर बसून एकदा बघा. आणि मूल खुर्चीत असताना 'कुकर बंद करून आलेच' म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. कुकरची एक शिट्टी जास्त झाली तर होऊ द्या.

मूल खुर्चीत बसलं की रडतं. खुर्ची बदलू का?

बदलायच्या आधी पाय टेकतात का, ट्रे पोटाला रुततो का, पट्टा मांडीला घासतो का, हे बघा. सगळं ठीक असेल तर भूक लागलेली असताना पहिल्यांदा बसवू नका. पोट भरलेलं असताना एखादा चमचा हातात देऊन पाच मिनिटं बसवा. आणि जेवण झालं की लगेच काढा. खुर्ची म्हणजे कोंडवाडा झाला की बिनसलं.

विकत घ्यावी की भाड्याने?

अमेरिकेहून किंवा दुबईहून मुलगी-जावई नातवंडाला घेऊन दीड महिन्यासाठी येणार असतील तर भाड्याने. एकच मूल आणि घर लहान, तरी भाड्याने चालेल. दुसऱ्या मुलाचा विचार असेल किंवा घरात चुलत-मामे भावंडांची रांग असेल तर विकत घ्या.

कधी बंद करायची?

मूल स्वतः खुर्चीवर चढायला लागलं की. बहुतेकांचं हे दोन-अडीच वर्षांला होतं. चढताना ते ट्रेला लोंबकळतं आणि खुर्ची त्याच्या अंगावर येते. त्या दिवशी ट्रे काढून खुर्ची टेबलाशी लावा, किंवा साध्या खुर्चीवर पट्ट्याने बांधायचं बूस्टर आणा.

परत देताना धुऊन द्यावी लागते का?

ओल्या फडक्याने पुसून दिलीत तरी पुरे. गादीखालचे कुरमुरे आम्ही काढतो.